मुराळ्याची लाल मोटार

घाटाच्या पायथ्याशी एक गाव होतं. त्या गावात एक लाल मोटार होती आणि ती एकट्या माणसाच्यानं कधी सुरू व्हायची नाही. एक जण आत बसायला लागायचा आणि एक जण मागून ढकलायला.

मोटार मूळची जहागीरदारांची. विलायती, शर्यतीची, दोनच माणसांची. डोक्यावर छप्पर नाही आणि दारं गुडघ्याएवढी. जहागीर गेली, ऐट ओसरली, त्यात मोटारही सुरू होईना, तेव्हा जहागीरदारांनी ती आपल्या ड्रायव्हरला देऊन टाकली. हा ड्रायव्हर म्हणजे सर्जेरावचा बाप. गरिबाच्या दारी हत्ती झुलायला लागला म्हणा ना! फक्त हा हत्ती ढकलल्याशिवाय हलत नव्हता.

घरापुढं देवळाचा उतार होता. बाप स्टिअरिंगवर बसायचा. सर्जा आणि त्याची मोठी बहीण अनुसया मागून ढकलायची. उतारावर गाडीनं वेग धरला की बाप क्लच सोडायचा. मोटार दोनदा खोकायची आणि मग जी डरकाळी फोडायची, की देवळावरची कबुतरं उडायची. पण थांबली की पुन्हा बंद. म्हणून ढकलणाऱ्यानं चालत्या गाडीतच उडी मारायची. अनुसया परकराचा काचा मारून पळत यायची, डाव्या दारावरून पाय टाकायची आणि धप्पकन सीटवर पडायची. मग हात लांब करून धाकट्या भावाला बखोटीला धरून आत ओढायची. एका सीटवर दोघं. नदीच्या पुलापर्यंत जायचं आणि परत यायचं. तेवढ्यात त्या पोरांना स्वर्ग दोन बोटं उरायचा.

पुढं बाप वारला. मग सर्जा चालवायला लागला आणि आक्का एकटी ढकलायला लागली. परकराची साडी झाली तरी तिची उडी काही चुकली नाही. पाणवठ्यावरच्या बायका म्हणायच्या, "पोरगी हाय का पैलवान?" आक्का गाडीतूनच ओरडायची, "दोन्ही हाय!"

अनुसयाचं लग्न घाटावरच्या गावात ठरलं. पाठवणीला सर्जानं हट्ट धरला. आक्काला सासरी पोचवायचं ते आपल्याच मोटारीतून. मोटारीला हार घातले, नारळ फोडला. गाडी कशीबशी घाट चढली, सासरच्या वेशीपर्यंत आली, आणि तिथं, वाजंत्री वाजत असताना, अख्ख्या वऱ्हाडासमोर बंद पडली. सर्जाला दरदरून घाम फुटला. तो काही बोलायच्या आत आक्का खाली उतरली. अंगावर शालू, कपाळाला मुंडावळ्या. तिनं शालूचा काचा मारला आणि लावला की हो खांदा मोटारीला! मोटार खोकली, सुरू झाली आणि नवरी मुलगी दारावरून उडी मारून आत बसली.

वऱ्हाड हसून हसून लोळलं. सासूबाई म्हणाल्या, "सूनबाईसंगं ढकलगाडी आंदण आली म्हणायची!"

हे बोलणं सर्जाच्या काळजात रुतलं. शरमेनं त्याची मान वर होईना. म्हणूनच एक गोष्ट त्याला दिसली नाही. त्या हसणाऱ्यांत सगळ्यांत मोठ्यानं आक्का हसत होती.

निघताना तो बहिणीला म्हणाला, "आक्का, दिवाळीला मुराळी म्हणून येईन ते ह्याच मोटारीतनं. आन् तुझा पाय मातीला लागू देणार न्हाई."

"ये की," आक्का म्हणाली. "मी वाट बघतीया."

सणाला बहिणीला माहेरी न्यायला जो भाऊ जातो, त्याला आपल्याकडं मुराळी म्हणतात. मुराळी आल्याशिवाय सून माहेरी धाडायची नाही, असा त्या घरचा रिवाज होता. म्हणजे सर्जा गेला तरच आक्काला माहेर. नाही गेला तर नाही.

सर्जा तालुक्याच्या गावी गॅरेजात कामाला होता. हात कसबी होता. घरामागं त्यानं पत्र्याचं शेड घातलं आणि दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मोटारीचं इंजिन खोललं. आठ दिवसांचं काम आहे, म्हणाला. आता मोटार खोलणाऱ्याचे आठ दिवस कुणी मोजू नयेत! दिवाळी आली तेव्हा इंजिन गोणपाटावर सुटं पडलेलं होतं आणि त्याचे नटबोल्ट आईच्या पापडाच्या डब्यात होते.

आई म्हणाली, "सर्जा, यष्टीनं जा आन् लेकीला घेऊन ये."

"आई, मी शब्द दिलाय."

"शब्द तिला आणायचा दिलास. मोटार न्यायचा न्हाई."

पण सर्जानं ते मनावर घेतलं नाही. पुढच्या वर्षी नक्की, असं त्यानं वर कळवलं.

भाऊबीज झाल्यावर घाटावरून आक्काचा डबा आला. घाटावरची भाजी खाली आणणारा इस्माईल टेम्पोवाला तो घेऊन आला. डब्यात करंज्या होत्या. सर्जानं पहिली करंजी काढली आणि मोटारीच्या डाव्या सीटवर ठेवली. ती आक्काच्या वाटची. मग स्वतः शेजारी बसून बाकीच्या खाल्ल्या. खाता खाता त्याला वाटलं, आत्ता मागून पळत येईल आणि धप्पकन बसेल. खाता खाताच तो रडायला लागला. बहिणीची इतकी आठवण येते म्हणून माणूस रडेल, पण तिच्याकडं जाणार नाही, याला काय म्हणावं?

सर्जानं कामाला मात्र कसूर केली नाही. इंजिन रिबोअर करून आणलं. पिस्टन नवे बसवले. गंजलेला पत्रा ठोकून सरळ केला, भोकं झाळली, खड्ड्यांत लांबी भरून घासली आणि लाल रंग असा मारला की आईनं त्यात बघून कुंकू लावावं. एका दिवाळीला मोटार खरोखरच तयार झाली. गावातल्या चार जणांनी ढकलली आणि ती पहिल्या खोकल्याला सुरू झाली. आईनं दही हातावर घातलं. सर्जा निघाला. घाटाच्या पहिल्या वळणापर्यंत गेलासुद्धा.

आणि तिथं त्याच्या मनात आलं, वर जाऊन बंद पडली तर? पुन्हा आक्काच खाली उतरणार. पुन्हा लोक हसणार. आईशप्पथ, परत तो आवाज ऐकायचा नाही.

त्यानं गाडी वळवली. मोटारीत कसलीही खोट नव्हती. त्या दिवशी तो वळला नसता तर गोष्ट तिथंच गोड झाली असती.

"सेल्फस्टार्ट बसवतो," तो आईला म्हणाला. "बटण दाबलं की सुरू. मग आणतो तिला."

लेकीसाठी केलेले अनारसे आईनं शेजारी वाटून टाकले.

सेल्फ बसला. पण जुन्या इंजिनाला तो मानवेना. मग सर्जानं शहरातल्या भंगारबाजारातून नव्या गाडीचं, दुप्पट ताकदीचं इंजिन आणलं. ते बॉनेटखाली मावेना, म्हणून बॉनेट कापून उंच केलं. ताकद वाढली, मग जुने ब्रेक पुरेनात. ब्रेक बदलले, मग चाकं बदलावी लागली. एक सांधलं की दुसरं उसवायचं. आणि गंमत बघा, ह्यातलं एकही काम वायफळ नव्हतं. विचाराल त्या कामाला सर्जाकडं उत्तर होतं आणि उत्तर एकच होतं: "आक्काला उतरायला लागू नये म्हणून."

लग्नाचंही तसंच राहून गेलं. मोटार झाल्यावर बघू, म्हणाला. मुलीच्या बापांनी दोन-तीन वर्षं वाट बघितली आणि आपापल्या पोरी उजवल्या.

एकदा डबा देताना इस्माईल म्हणाला, "सर्जा, एक सांगू? राग मानू नगंस. आक्का भाऊबिजेला चंद्राला ओवाळतीय."

सर्जाच्या हातातला पाना गळून पडला. ज्या बाईला भाऊ नसतो ती भाऊबिजेला चंद्राला भाऊ मानून ओवाळते. पण जिचा भाऊ धडधाकट आहे, घाटाखाली बसला आहे, तिनं ओवाळावं?

"माझ्या टेम्पोत बस," इस्माईल म्हणाला. "तासाभरात दारात उतरवतो. संध्याकाळी दोघांना घिऊन येतो."

सर्जाचे डोळे भरले होते. पाय उचलला होता. पण तोंडातून निघालं ते भलतंच. "कोबीच्या गड्ड्यांवर बसून मुराळी जाईल व्हय? वेशीवरच हसतील समदी."

"कोण हसंल? सासूबाई थकल्यात. त्याच म्हणत्यात, हिचा भाऊ बैलगाडीतनं आला तरी सुनंला धाडीन."

"थोडंच राहिलंय आता," सर्जा म्हणाला आणि खाली वाकून पाना शोधायला लागला.

आणखी काही वर्षांनी आई गेली. आक्का मातीला आली. दिवस झाले आणि ती निघाली. दुखवट्याला आलेली लेक काही माहेरपणाला आलेली नसते. तिनं ना उताराकडं बघितलं ना शेडाकडं. एसटीत चढताना मात्र भावाचा हात धरला.

"आई गेली की माहेर गेलं म्हणत्यात. माझं न्हाई गेलं. तू हायस. न्यायला ये, सर्जा."

"येतो आक्का. गाडीचं फकस्त..."

"गाडी नगं रं. तू ये."

सर्जाला वाटलं, बिचारी मोठ्या मनाची, म्हणून म्हणते. आईला दाखवायचं राहिलं ते राहिलं, आता आक्काला तरी असं काही करून दाखवायचं की बघत राहावी. दुःख हातोडीनं ठोकता येत असतं तर त्या शेडात त्यानं ते पत्र्यागत सपाट केलं असतं. तो सकाळी कामावर जायचा आणि दिवस मावळला की शेडात शिरायचा. त्याचे केस पिकले, पाठ वाकली. मोटार मात्र दरसाल तरणी होत चालली.

मोठ्या इंजिनाला बॅटरी मोठी लागली. तिला पुढं जागा नव्हती. सर्जानं ती डाव्या बाजूला, पाय ठेवायच्या जागेत बसवली. आक्का पाय जवळ घेऊन बसेल, म्हणाला. मग इंजिनाला पेट्रोल पुरेना. घाट चढून परत यायचं तर टाकी मोठी हवी. टाकी कुठं ठेवायची? त्यानं डावी सीट चार बोल्ट काढून बाहेर ठेवली. तात्पुरती हो! टाकीचं माप घेण्यापुरती. टाकी तिथं अशी चपखल बसली की तिच्या भोवती नळ्या आल्या, नळ्यांवर पट्ट्या आल्या, पट्ट्यांवर पत्र्याचं झाकण आलं. सीट अंगणात लिंबाखाली पडून राहिली. एका कोंबडीनं तिच्यावर अंडी घालायला सुरुवात केली.

त्या वर्षी करंज्यांचा डबा आला. सर्जानं पहिली करंजी उचलली आणि ठेवायला जागा शोधली. ती काही सापडली नाही. हाताला ग्रीस होतं, काम खोळंबलं होतं. त्यानं ती उभ्या उभ्या खाऊन टाकली.

अखेर एक दिवाळी अशी आली की मोटारीत करण्यासारखं काही उरलं नाही. सर्जेराव शोधून शोधून थकला. बटण दाबलं की मोटार सुरू होत होती. ब्रेक लोण्यासारखे लागत होते. भाऊबिजेच्या दुपारी त्यानं धुतलेला सदरा घातला, फेटा बांधला आणि घाट चढायला लागला. ज्या वळणावरून एकदा मागं फिरला होता, ते वळण कधी गेलं ते कळलंही नाही. मोटारीला कसला तो दम म्हणून लागला नाही. सर्जेराव वाऱ्यात रडत होता आणि हसत होता. "आक्का, आलो बघ," म्हणत होता.

वेशीवर कुणी हसलं नाही. हसणारी माणसं आता उरलीच नव्हती. सासूबाई जाऊन बरीच वर्षं झाली होती. तरणी पोरं मोबाइल काढून गाडीचे फोटो घेत मागं धावली.

आक्का दारात उभी होती. केस पांढरे, गुडघे धरलेले. भावाला बघून तिला हुंदका आवरेना. "आला गं बाई माझा मुराळी," एवढंच ती म्हणत राहिली. ह्या क्षणासाठी ती किती वर्षं दिवाळीची पिशवी भरून ठेवत होती आणि तुळशीचं लग्न झालं की रिकामी करत होती, ते सर्जेरावला ठाऊक नव्हतं. पिशवी आजही भरलेली होती. तिनं ती काखेला मारली, पदर खोचला आणि अंगणात उतरली.

"आक्का, दमानं," सर्जेराव म्हणाला. "आता ढकलायचं न्हाई. नुसतं बटण. तू आपली राणीगत बस."

आक्का डाव्या बाजूला गेली. म्हातारपणीही तिला सवय आठवली. तिनं दार उघडलं नाही. दारावरून पाय टाकण्यासाठी साडी जरा वर धरली, एका हातानं दाराचा आधार घेतला, पाय उचलला आणि तशीच थांबली.

"सर्जा," ती म्हणाली, "मी कुठं बसू?"

सर्जेरावनं बघितलं. तिथं टाकी होती. नळ्या होत्या. पट्ट्या होत्या. चकचकीत पत्र्याचं झाकण होतं. त्यानं स्वतःच्या हातानं घासून पुसून ते इतकं चकचकीत केलं होतं की त्यात आक्काचं तोंड दिसत होतं. तो मटकन पायरीवर बसला आणि लहान पोरासारखा ओक्साबोक्शी रडायला लागला.

जरा वेळानं उठला आणि पाने काढायला लागला. "आत्ता काढतो टाकी. तासाभराचं काम हाय, आक्का."

आक्कानं त्याच्या हातातला पाना काढून घेतला. "नगं बाबा. तू खोलायला बसलास की माझ्या चार दिवाळ्या जात्यात."

"तुला परत ढकलायला लागू नये, लोकांनी हसू नये, म्हणून केलं गं हे समदं."

"कुणी सांगितलं तुला?" आक्का म्हणाली. "अरं, मला ढकलायचंच हुतं. त्या दिवशी वेशीत ढकलली, त्यातच माझं माहेर हुतं. ह्या घरात आल्यावर कुणी मला पळू दिलं न्हाई, उडी मारू दिली न्हाई. मी म्हणायची, दिवाळीला सर्जा येईल, मोटार बंद पडंल, आन् मी एकदा तरी पळंन."

दिवस मावळला होता. मावळतीला बिजेची बारीक कोर दिसत होती. आक्कानं अंगणातच पाट मांडला, ताट आणलं. आधी भावाला ओवाळलं, मग त्या कोरीकडं ताट फिरवलं.

"ह्याला कसं विसरू?" ती म्हणाली. "हा दरसाल येत हुता. हाक मारायला लागत नव्हती."

मोटार तिथंच चिंचेखाली राहिली. सकाळच्या एसटीनं बहीण-भाऊ घाट उतरले. भाडं, गर्दी, धक्के, सगळं जसं असतं तसंच होतं. आक्काला खिडकी मिळाली. तासाभरात गाव आलं. तासाभरात!

आक्का अंगणात आली. आई नव्हती. पाणवठ्यावर नळ आला होता. देवळाचा उतार सिमेंटचा झाला होता. तिनं सगळीकडं नजर फिरवली आणि ती लिंबाखाली येऊन थांबली. तिथं जुनी डावी सीट पडली होती. कातडं फाटलेलं, काथ्या बाहेर आलेला, वर कोंबडी बसलेली.

"ही बघ माझी जागा," ती म्हणाली. "घरातच हुती की!"

सर्जेरावनं कोंबडीला हाकललं आणि सीट झटकली. आक्कानं गुडघ्यांना हात लावला, देवाचं नाव घेतलं आणि धप्पकन बसली. मग हात लांब केला, भावाला बखोटीला धरलं आणि शेजारी ओढलं. एका सीटवर दोघं. आता ती सीट दोघांना पुरत नव्हती, तरी बसली.

"चल," आक्का म्हणाली. "पुलापर्यंत."

सर्जेरावनं डोळे पुसले. समोर स्टिअरिंग नव्हतं, खाली चाकं नव्हती की उतार नव्हता. त्यानं घसा साफ केला आणि तोंडानंच मोटार सुरू केली. ती दोनदा खोकली.

तात्पर्य: ज्याच्यासाठी कष्ट उपसतो, त्याला काय हवं आहे ते त्यालाच विचारावं, नाहीतर काम देखणं होतं आणि त्याच माणसाची जागा त्यातून जाते. वाट बघणाऱ्याकडं उशिरा थाटात जाण्यापेक्षा वेळेवर आहे तसं जावं.